फॉर्ममधली ‘ही व्यक्ती’

दि. ३ मार्च

ती. स्व. मावशीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला पंधरा दिवसांनी उत्तर लिहितेय, तेव्हा कान आधीच पुढे करते. पण मध्ये मला दोन दिवस शिबिराला पाठवलं होतं. माणसांचे स्वभाव कसे ओळखायचे आणि त्याप्रमाणे त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं, हा विषय. मी आपली जांभया द्यायच्या तयारीने गेले आणि अक्षरशः डोळे उघडून परत आले! स्वभाव चार: धडाडीचा, बोलका, सांभाळून घेणारा आणि चोखंदळ. प्रत्येकाला एक रंग. मी माझा फॉर्म भरला तर निघाले सांभाळून घेणारी, हिरवी. हसू नकोस.

परत आल्याआल्या मी आमच्या चष्म्यांच्या कार्यशाळेतल्या अकराही जणांना ओळखून टाकलं आणि प्रत्येकाच्या कपाटावर त्या त्या रंगाचा ठिपका चिकटवला. पॅकिंगवाली बाई पिवळी, म्हणजे बोलकी. भिंगकाका निळे, म्हणजे चोखंदळ. भिंगकाका म्हणजे आमचे काच घासणारे सगळ्यात जुने कारागीर. हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप. बोलायला लागले की एकेका शब्दासाठी विहिरीत उतरून येतात. हल्ली त्यांचे चष्मे इतरांपेक्षा निम्मेच होतात. म्हणून फळ्यावर त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘चोखंदळ. वेग वाढवावा.’ मी प्रमुख होऊन नऊ महिने झाले, आता कुठे कामाला शिस्त लागतेय.

सोबत एक फॉर्म पाठवतेय, प्रामाणिकपणे भर. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या मुख्य नर्सच्या फॉर्ममधून कुठला रंग निघतो, मला बघायचंय.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर जरा मोठं काढत जा बाई, मुंग्या चालल्यासारखं दिसतं. तू आणून दिलेल्या त्या नव्या चष्म्याचं मागे तुला सांगणार होते, पण राहिलं ते राहिलंच. भेटशील तेव्हा बोलू.

ठिपक्यांचं वाचून मला आमचा वॉर्ड आठवला. खाटेच्या पायथ्याशी पाटीवर आजाराचं नाव लिहिलेलं असे. ते आमच्या सोयीसाठी. पण एक नवी नर्स पेशंटला हाकच मारायची, ‘सात नंबरचं पोट’ म्हणून. एकदा सात नंबरच्या छातीत दुखत होतं, तर ही त्याला पोटाचं औषध द्यायला निघाली. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. तुझ्या शिबिराला मी नावं ठेवत नाही. स्वभाव ओळखता यावा लागतोच. फक्त ओळखून झाला असं इतक्या लवकर समजू नये.

फॉर्म भरून पाठवते आहे. भरताना दोन-तीनदा पेन खाली ठेवलं, पण तूच प्रामाणिकपणे म्हणालीस, म्हणून हात आखडला नाही. रागावू नकोस.

जेवणखाण वेळेवर करावं आणि मावशीला विसरू नये.

तुझी मावशी

दि. १४ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, रागावू कशाला? मी तर पोट धरून हसले! मावशी, तू पक्की धडाडीची निघालीस, लालभडक! ‘ही व्यक्ती समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकते का?’ यापुढे तू लिहिलंयस, ‘क्वचित. वाक्य स्वतःच पुरं करते आणि तेही चुकीचं.’ ‘चूक झाल्यास?’ पुढे, ‘लगेच कबूल करते, पण आधी कळायला हवी.’ स्वतःबद्दल इतकं खरं कोण लिहितं गं? तुझ्या हाताखालच्या नर्सांनी बिचाऱ्यांनी कसे दिवस काढले असतील! शिबिरात सांगितलं होतं, अशा माणसांना वाटत असतं की आपण सगळ्यांना सांभाळून घेतो, आणि लोक मात्र त्यांच्यासमोर बोलणंच सोडून देतात. तरी तू माझी लाडकीच आहेस हं.

पण इकडे माझं धाबं दणाणलंय. भिंगकाकांनी राजीनामा दिला. महिनाअखेरीस जातो म्हणाले. का, ते सांगत नाहीत. बोलायला तोंड उघडलं होतं, ‘त्या नंबर तपासायच्या यंत्राचं असं आहे की...’ मी लगेच म्हटलं की हो, जुनं झालंय, नवीन मागवलंय, त्यासाठी कुणी नोकरी सोडतं का! ते राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवून निघून गेले. त्यांच्यासारखा हात मला दुसरीकडे मिळणार नाही. ते गेले तर मालक म्हणतील, हिला प्रमुख केलं तीच चूक झाली. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलंय.

काहीतरी सुचव. तू पाठीशी आहेस, याच जोरावर चाललंय.

तुझी,
भिंगरी

दि. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आता नीट बसून वाच. तो फॉर्म मी माझ्याबद्दल भरलेला नाही.

प्रत्येक प्रश्न ‘ही व्यक्ती’ असा सुरू होत होता. मला वाटलं, दुसऱ्याने तुझ्याबद्दल भरायचा फॉर्म तू मुद्दाम पाठवलास, आणि मला तुझं कौतुकही वाटलं. तुझ्या पत्रावरून कळलं की घाईत भलताच कागद पाकिटात गेला. ती लालभडक व्यक्ती तू आहेस, बाळा.

हे लिहिताना मला वाईट वाटतंय. तू मनाची वाईट नाहीस. लहानपणापासून तुला सगळ्यांचं भलं करायची भारी घाई, म्हणून तर भिंगरी नाव पडलं. पण समोरचा तोंड उघडतो, तोवर तू त्याचं भलं करून पुढच्या माणसाकडे गेलेली असतेस. नर्सांचं म्हणशील तर मीही लालच होते. फरक इतकाच की एका म्हाताऱ्या पेशंटने मला तोंडावर सांगितलं, आणि तेव्हापासून मी सकाळच्या फेरीत प्रत्येक खाटेपाशी खुर्ची ओढून बसायला लागले. बसलं की पळता येत नाही.

काकांसमोर जाऊन बस. त्यांना थांबवायला नव्हे, ऐकायला.

चिडलीस तरी चालेल, पण पत्र लिही.

तुझी मावशी

दि. २७ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर खूप चिडले होते. तिसऱ्या दिवशी फॉर्म पुन्हा वाचला आणि रडले. चौथ्या दिवशी स्टूल ओढून भिंगकाकांसमोर बसले आणि तोंड बंद राहावं म्हणून दातांत पेन्सिल धरली. त्या पेन्सिलीची अवस्था बघवत नाही.

काका म्हणाले, ‘त्या यंत्राचं असं आहे की’, आणि थांबले. काच पुसली. दुसरी घेतली, तीही पुसली. माझ्या जिभेवर पाच उत्तरं येऊन गेली, पाचही मी गिळली. मग त्यांनी सांगितलं. मी प्रमुख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते यंत्र खिडकीपासून भिंतीकडे हलवलं होतं ना? तेव्हापासून ते जरा कललंय आणि नंबर किंचित चुकीचा दाखवतंय. नऊ महिने, मावशी! केवढी माणसं आमचे चष्मे घालून रस्ते ओलांडत असतील!

पण एकही चुकीचा चष्मा गिऱ्हाइकाकडे गेला नाही. काका जेवणाच्या सुट्टीतसुद्धा प्रत्येक काच जुन्या हातयंत्रावर पुन्हा तपासत होते, चुकलेली बदलत होते. अकराही जणांचं काम त्यांच्याच हाताखालून जात होतं, म्हणून त्यांचे स्वतःचे चष्मे निम्मे. आणि मी फळ्यावर लिहिलं, वेग वाढवावा! मी माफी मागितली. त्यांनी राजीनामा परत मागून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर यंत्र सरळ कसं करायचं त्याची आकृती काढून दिली. राहताय ना, असं मी विचारणार होते, पण तेवढ्यात ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कामाला लागलेसुद्धा. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ठिपके खरवडून काढले. फक्त माझ्या टेबलाला लाल ठेवलाय. भिंगकाकांना आता प्रश्न चिठ्ठीवर देते, उत्तर दुसऱ्या दिवशी घेते. त्यांना तसंच बरं पडतं. ‘ही व्यक्ती’चा फॉर्म सगळ्यांकडून माझ्याबद्दल भरून घेतला. अकराच्या अकरा लाल. पॅकिंगवालीने तर उत्तरांची जागा पुरली नाही म्हणून मागचं पानही भरलं.

एकच गोष्ट राहिली. काका म्हणाले, इतक्या महिन्यांत फक्त एक चष्मा त्यांच्या हाताखालून गेला नाही, कारण तो मी स्वतः केला आणि यंत्रावरून उचलून थेट पर्समध्ये टाकला. तो तुझा. तुला चष्म्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. मागे भेटलो तेव्हा तू म्हणालीस, ‘या चष्म्याचं असं आहे की’, आणि मी म्हटलं, आवडला ना!

खाली अर्धं पान कोरं सोडलंय. त्यावरच लिहून परत पाठव. मी मध्ये बोलत नाही.

तुझी,
भिंगरी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

या चष्म्याचं असं आहे की तो घातला की जिन्याची प्रत्येक पायरी तिरकी दिसते. तू इतक्या हौसेने आणलास म्हणून कपाटात नीट ठेवला आणि आठ महिने तुझी पत्रं जुन्याच चष्म्याने वाचली, काडी दोऱ्याने बांधून. सांगायला पाच वेळा तोंड उघडलं. आज पहिल्यांदा वाक्य पुरं झालं, बरं वाटलं.

चष्मा सोबत पाठवते. भिंगकाकांकडे दे, तू हात लावू नकोस. आणि तो फॉर्म आणखी एक पाठव. चष्मा आला की पुन्हा भरीन, या वेळी नीट बघून.

तुझी मावशी