बटण सासूबाईंच्या हाताशी

रविवार
आलो एकदाचा. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक पंखा आणि माझी हत्यारांची पिशवी. मोटर वाइंडिंगचं माझं दुकान बसलं, तेव्हा दुसरं काम मिळेपर्यंत बायकोच्या माहेरी राहायचं ठरलं. घरजावई म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे, दोन वेळचं गरम जेवण मिळतंय. दिवसभराचं काम लिहून ठेवायची दुकानातली सवय मात्र सुटत नाही, म्हणून ही वही खिशात.

घरात सासूबाई आणि हिचा थोरला भाऊ. मेहुण्याचं बोलणं कमी, खाणं जास्त. सासूबाईंनी माझ्या पानात एक अंडं जास्तीचं वाढलं, ते माझ्या तोंडात जाईपर्यंत मेहुणा बघत होता. मागचं आवार लांबलचक आहे. लाकडांचा ढीग, कपड्यांच्या दोऱ्या, पाण्याची टाकी, आणि पार टोकाला सासूबाईंच्या कोंबड्यांचं जाळीचं, माणूस आत उभा राहील एवढं खुराडं. तिकडे वीज नाही. थंडीत लवकर अंधारतं, कोंबड्या गप्प होतात, अंडी कमी पडतात, पिल्लं गारठून मरतात, असं सासूबाई सांगत होत्या. मी म्हणालो, त्यात काय, मी नेऊन देतो वीज. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. कौतुकाने दिला असावा.

बुधवार
अंतर बरंच आहे. बारीक वायर टाकली तर तिकडे पोचेपर्यंत विजेचा जीव जातो आणि दिवा काजव्यासारखा पेटतो. म्हणून जाड केबल आणली, पाइपात घातली, चर खणून गुडघाभर खोल पुरली. कुदळ लागायला नको, उंदराने कुरतडायला नको. कंबरेचा पार काटा ढिला झाला, पण काम असं की बघत राहावं.

एक बटण खुराड्यात हवं असा माझा आग्रह होता. काम करणाऱ्याच्या हाताशी बटण पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. सासूबाई नको म्हणाल्या. बटण एकच, तेही स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीला लागून. गुडघ्यांमुळे त्यांना तिथवर चालवत नाही. मी फार ताणलं नाही. सासूशी वाद घालून जिंकलेला जावई माझ्या तरी पाहण्यात नाही.

गुरुवार
सासूबाईंनी बटण दाबलं आणि आवाराच्या टोकाला पिवळा उजेड पडला. कोंबड्या उठून दाणे टिपू लागल्या. बंद केलं, गप्प. लावलं, पुन्हा उठल्या. सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या आणि जावईबापूंच्या हाताला गुण आहे म्हणाल्या. मेहुण्यानेही पाठीवर थाप मारली. या घरात आपलं पान आता कायमचं मांडलं गेलं, असं वाटून मला फार बरं वाटलं.

सोमवार
सासूबाई खुर्चीतून उठत नाहीत. सांजावलं की खेळ सुरू. दिवा, अंधार, दिवा, अंधार. कोंबड्यांना दिवस कुठला नि रात्र कुठली कळेना. अंडी बंदच झाल्यात जमा. एकीचं डोकं बाकीच्यांनी टोचून टोचून सोलून काढलं. मी अदबीनं सांगितलं की मुक्या जिवांनाही झोप लागते. सासूबाई म्हणाल्या, नव्या कोंबडीला टोचतातच, टिकली तर घरची होते. ती कोंबडी जुनी होती.

गुरुवार
दोन कोंबड्या गेल्या. काहीतरी येऊन नेतंय. जाळीत करंट सोडा, मेहुणा म्हणाला. मी साफ नाही म्हणालो. एखादं पोर हात लावील, माणूस जाईल. त्यावर तो जेवता जेवता म्हणाला की फुकटचं गिळणाऱ्याने एवढंही करू नये का. बायको ताटात बघत राहिली. ते मला लागलं. संध्याकाळपर्यंत दारासकट जाळी जोडून दिली. दुसरं बटण पहिल्याशेजारी, खुर्चीला लागून.

शुक्रवार
सकाळी जाळीला शेजाऱ्यांचा कुत्रा चिकटलेला. बटण बंद करून मीच त्याला सोडवलं, मीच पुरला.

सासूबाईंना विचारलं, ओरडणं ऐकू आलं नाही का. त्या मान जरा तिरकी करून शांतपणे म्हणाल्या, "आलं की. बराच वेळ हलत होता. मी विसरले नव्हते बंद करायला."

बायको चहा गाळत होती. खिडकीशी काल तिचंही स्टूल होतं.

शनिवार
सांगून टाकलं. आम्ही दोघं जातो, भाड्याची एक खोली पुरे. कुठेही राबेन, पण या घरात हिला ठेवणार नाही. ही हो म्हणाली. जरा उशिराने म्हणाली, पण म्हणाली. सासूबाई रागावतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, खुशाल जा, पण आधी तुमची तार काढून न्या, परक्याची वस्तू नको. रास्त आहे. उद्या काढतो.

रविवार
दोन्ही बटणं बंद केली. बायकोला खुर्चीत बसवलं, कुणालाही हात लावू देऊ नको म्हणालो. खुराड्याबाहेर पिशवी ठेवली, चपला काढल्या, आत रोग जातो म्हणून इथला नियमच आहे. मी आत शिरलो. मागून आलेल्या मेहुण्याने दार ओढलं, कडी घातली आणि माझी पिशवी घेऊन परत गेला.

थट्टा वाटली. मग एक कोंबडी फडफडत जाळीला लागली. लागली आणि पडली.

खाली सगळं ओलं. आधीच पाणी ओतून ठेवलंय.

संध्याकाळ
कोंबड्यांच्या लाकडी दांडीवर बसून लिहितोय. कडी जाळीपलीकडे, बोटभर अंतरावर. जाळीतून बोट घातलं की निघेल. टेस्टर पिशवीत. बांबूची एक कामटी होती, ती घालून कडी ढकलली, कामटीच मोडली. केबल गुडघाभर खोल. बटण इथे नाही. काम चोख आहे माझं, कुठे खोट नाही—

दिवा. अंधार. दिवा.

खिडकीत तीन डोकी.

सोमवार
कोंबडी फेकून पाहतो. मेली तर चालू. पहिली मेली. दुसरी जिवंत— हात पुढे केला, तेवढ्यात तिसरी आपणहून उडाली आणि—

उजेडात मी दिसतो त्यांना. पुढे सरकलो की दाबतात.

ओरडून ओरडून घसा बसला. कुत्रा गेल्यापासून शेजारी इकडे फिरकत नाहीत.

हसण्याचा आवाज. बाईचा. कुठल्या ते—

मंगळवार
पाणी नाही. खालचं प्यायलो.

एकच उरली. पायावर येऊन बसते. ऊब लागते. हिला टाकणार नाही.

दुपार
टाकली.

जाळीला लागूनही जिवंत होती. मी हललो नाही. मग मेली.

संध्याकाळ
बायको आली. पायात मेहुण्याचे रबरी बूट. पाण्याचा पेला बाहेर मातीवर ठेवला. रडलेली दिसत नाही.

म्हणाली, "बंद केलंय मी. या बाहेर."

म्हणालो, कडी तू काढ.

"तुम्हीच काढा ना." हात पाठीमागे. दोन पावलं मागे सरकली.

खिडकीत दोन डोकी. खुर्चीत ती नाही, ती इथे— मग बटणाशी—

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

आहे. बायको आहे माझी. पाणी हातभर लांब. दुसरी कोंबडी नाही. बोट घालतो. ती बघतेय. मान जरा तिरकी, आईसारखी, आणि—