मायच्या लुगड्यांच्या दोन वाकळा

१२ जाने. ५६, आसेगाव
माय गेल्यावर तिची पेटी आज पहिल्यांदा उघडली. हे वारल्यापासून मी माहेरीच, म्हणून किल्ली माझ्याकडं. बाबा म्हणाले, "ठेवून काय करतं? वाकळ शिव." लुगडी धुतली, वाळत घातली. त्यात ते हिरवं. मंगरूळच्या उरुसात मी अन् धाकटी सुमी त्याचाच पदर धरून चालायचो. हात सुटला की सुमी भोकाड पसरायची.

१४ जाने.
संक्रांत. सुई बंद.

१७ जाने.
हिरवं मधोमध लावलं. रात्री जेवताना बोलून गेले, "अर्धी लुगडी सुमीची. तिलेही एक वाकळ देऊ. पोरगं झालं म्हणतात तिले."
परजातीत लगीन केल्यापासून तिचं नाव या घरात बंद. माय गेली तेही बाबांनी कळवू दिलं नाही.
बाबा ताटावरून उठले.

२० जाने.
अबोला. हिरवं उसवलं, मधून फाडलं. फाडताना केवढा आवाज... आता दोन्ही वाकळा सोबतच.

२८ जाने.
सुमीच्या वाकळेला अस्तर पुरेना. बाबा दु. वावरातून आले, आपलं जुनं धोतर पुढ्यात टाकलं.
"फाटलंच हाये. माह्यं नाव नको सांगू."
बोटं टोचून टोचून बधिर. पण आज काम पुष्कळ झालं.

६ फेब्रु., मंगरूळपीर
मोटारीनं सुमीकडं आले. सुमी दारातच, पोर कडेवर. वाळली आहे. वाकळ उलगडली तशी हिरवं तिनं पाहताच ओळखलं. रडली नाही, भांडली. "माय गेली तं मले काहून नाई सांगितलं, बाई? बाजारात लोकाइच्या तोंडून आयकलं मी!" तिचंच खरं.
मग वाकळ उलटी केली. अस्तरावर हात फिरवत राहिली.
"हे कोनाचं वं?"
मी वाकळेचा कोपरा सारखा केला. तिनं पुन्हा विचारलं नाही. पोराला त्यावरच निजवलं, धोतराच्या अंगानं.

७ फेब्रु., आसेगाव
दु. परत. बाबा बैलांना कडबा टाकत होते. तोंड तिकडंच ठेवून म्हणाले, "पोरगं कोनावर गेलं?"
"पाहून या," म्हटलं.
कडबा टाकून झाला तरी तिथंच उभे होते.