गावाकडच्या मावशी

पुणतांबा,
४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. यशोधरा हीस अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझ्या आईचा व्हिसा आला. तीस वर्षं कंडक्टरकी करून एस.टी.च्या खडखडाटात माझे कान गेले. फोनवरचं मला ऐकू येत नाही आणि तिला वाचता येत नाही, म्हणून मी लिहितो. विमान मला सोसणार नाही असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा तीन महिने ती एकटीच येईल. नातू सम्राट चार वर्षांचा झाला, अजून तिच्या मांडीवर बसलेला नाही. बॅगेत लुगडी कमी आणि चटण्या जास्त आहेत.

तिथल्या मराठी लोकांत जयभीम न म्हणता नमस्कार म्हणायचं, असं तू तिला फोनवर सांगितलंस म्हणे. बाईनं सराव सुरू केलाय. शेजारच्या चांगुणाला सकाळ-संध्याकाळ नमस्कार घालते. आपलं काय चुकलं, बनाबाई अशी परक्यावानी का वागती, म्हणून चांगुणा काल विचारायला आली. मी हसलो खरा, पण नंतर जेवण गेलं नाही.

लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा,
अण्णा


फ्रँकफुर्ट,
१९ ऑगस्ट २०२४

ती. अण्णांना सा. न. वि. वि.

रागावू नका. बारा वर्षं झाली, पण एकाही जर्मन माणसाच्या घरी आम्ही जेवलेलो नाही. त्यांचा पाव कडक, माणसं थंड, असं म्हणत आम्ही आपसातच मिसळ खातो. तिकडे आलो की धुळीला नावं ठेवतो आणि बाटलीचंच पाणी पितो. इकडचेही नाही, तिकडचेही नाही.

आमचं सगळं जग म्हणजे इथलं मराठी मंडळ. भाड्याचं घर, आजारपणातले डबे, सम्राटचे सोबती, सारं तिथलंच. तिथं पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा. आम्ही शिर्डीजवळचे एवढंच सांगतो. तुमचे जावई भीमराजचे ‘राज’ झालेत आणि सम्राटचा ‘सॅम’. मंडळ तुटलं तर आम्हाला कुणी नाही, अण्णा. आईला एवढं समजावून सांगा.

आशीर्वाद असावा.

आपली,
यशोधरा


पुणतांबा,
२९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. यशोधरा हीस आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तीन महिन्यांसाठी गेलेली तुझी आई तीन आठवड्यांत परत आली. विचारलं की तिकडं लई गार हाय, एवढंच सांगते. फोन वाजला की मागच्या दारी जाऊन बसते. विहारात जायचंही बंद केलंय.

मागच्या पत्रात तुझ्या मायन्यातून जयभीम गेला होता. मी पाहिलं होतं, बोललो नाही. आता बाप म्हणून नव्हे, कंडक्टर म्हणून विचारतो, बाई मधल्याच स्टॉपवर का उतरली? खरं लिही.

अण्णा


फ्रँकफुर्ट,
१६ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांना सविनय जयभीम. वि. वि.

मंडळाचा गणपती होता. आईनं सगळ्यांना नीट नमस्कार केला, कुठं चुकली नाही. मी मात्र तिची ओळख अजून करून दिली नव्हती. मग भीमराज वरणाचं मोठं पातेलं उचलत होते, ते पाहून ती हॉलच्या त्या टोकावरून ओरडली की भीमराज, बेतानं रं बाबा, भाजंल. सगळे वळून बघायला लागले. मंडळाच्या अध्यक्ष दमयंतीताईंनी मला विचारलं की भीमराज कोण आणि या कोण?

माझ्या तोंडून गेलं की या आमच्या गावाकडच्या मावशी, कामाला आहेत, सम्राटला सांभाळायला आणल्यात. राजला कुठल्याही नावानं हाका मारतात. आई माझ्या मागंच येऊन उभी होती. बरं झालं, असं म्हणत दमयंतीताईंनी खरकट्या प्लेटा तिच्या हातात दिल्या. आईनं त्या घेतल्या. दीडशे माणसांच्या प्लेटा तिनं धुतल्या आणि मी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तिकीट काढायला सांगितलं.

कुणाला काही कळलं नाही. आम्ही अजून मंडळात आहोत. मला माझी शिसारी येते, तरी परवा जाऊन आले.

ती गेल्यावर मंडळातली मुलं सम्राटला विचारायची की ती कोण होती. कामाच्या मावशी म्हण, असं मीच त्याला शिकवलं. आता घरातही तो तेच म्हणतो. आजी म्हण म्हटलं की हसतो.

हे आईला वाचून दाखवा. तिच्याशी बोलायचं तोंड मला नाही.

यशोधरा


पुणतांबा,
७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. यशोधरा हीस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली की भांडी तर जन्मभर घासली, त्याचं काय न्हाई. पण पोरगी खाली मान घालून उभी हुती, ते बघवलं न्हाई.

सम्राटचा मजकूर मी गाळला. मग तिनं विचारलं की पोरगं माझी आठवण काढतंय का, तसं काय लिवलंय का. मी कागदाकडे बघत सांगितलं की सम्राट रोज विचारतो, आजी कधी येणार. तिचा चेहरा उजळला. तेवढंच पुन्हा वाचा म्हणाली. मला आधीचे शब्द नेमके आठवेनात. दुसऱ्यांदा मी काहीतरी वेगळंच वाचलं.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि सांगितलं की पुन्हा पत्र आलं तर मला वाचून दावू नका.

तू लिहीत राहा. मी एकटा वाचेन.

अण्णा