अंगठ्याची पारख

३ फेब्रुवारी, सोमवार

परत फेकल्या! सुरीच्या मुठीसाठी केलेल्या शिंगाच्या चारही पट्ट्या. बाबांनी भोकांवरून अंगठा फिरवला आणि ट्रेमध्ये टाकून दिल्या — "कड लागतेय. पुन्हा कर."

कुठे लागतेय? मी नख फिरवून पाहिलं, भिंगाखाली धरलं. काही म्हणजे काही नाही. पण बाबांना आता जवळचं दिसत नाही, त्यामुळे त्यांचा अंगठा म्हणेल ते खरं.

मग तोच अंगठा दादाच्या पट्ट्यांवरून फिरला. "याला म्हणतात काम!" दादा शीळ घालत हात धुवायला गेला.

४ फेब्रुवारी

महिनाअखेर बाबा काम सोडणार. ज्याची भोकं साफ, त्याला ड्रिल मशीन. दुसऱ्याने जन्मभर मुठी घासत बसायचं. हा त्यांचा न्याय!

जेवताना वहिनी म्हणाली, "वन्सं, पॉलिशला तुमचा हात काय छान बसलाय!" मी ताट उचलून उठले.

६ फेब्रुवारी

आज दादाचं काम मुद्दाम उभं राहून पाहिलं. पट्टीखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा, तो प्रत्येक वेळी कोऱ्या जागी. ड्रिलचं बिट खालून बाहेर पडताना कडेला टेकू मिळतो, नाहीतर कपची उडालीच म्हणून समजा. हे बाबांनीच शिकवलं आम्हाला, टपल्या मारमारून. आणि दादाचा तुकडा? कधीचा तोच. चाळण झालीय त्याची! जुन्याच भोकांवर नवी पट्टी ठेवतो, वरून सगळं अंग टाकतो. बिट तापून शिंग जळल्याचा वास सुटतो तरी थांबत नाही. खालची कड उंदराने कुरतडल्यासारखी. त्यात मेण चोळलं की झालं.

"एवढं कोण बघतंय?" म्हणाला.

बरोबरच आहे. कोण बघतंय!

७ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. मुठी घासल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

केलं एकदाचं! दादा चहाला गेला तेव्हा त्याचा उजवीकडचा ट्रे रिकामा केला. माझ्याच पट्ट्या अर्ध्या त्याच्या ट्रेमध्ये ठेवल्या, अर्ध्या माझ्या डावीकडच्या ट्रेमध्ये. एकच शिंग, एकच बिट, एकच हात — माझा.

बाबा आले. आधी उजवा ट्रे. अंगठा फिरला. "वा! लोण्यासारखं."

मग डावा. "कधी शिकणार गं पोरी तू?"

म्हणजे भोकं नाहीत, मीच नकोय त्यांना. हे मनात कितीदा आलं होतं, पण मी स्वतःलाच दटावायचे — बाप आहे, त्याला कळतं सगळं. मूर्ख! इतकी वर्षं त्या अंगठ्यापुढे मान खाली घालून उभी राहिले, घरी येऊन पुन्हा पुन्हा सराव केला. आज बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि नुसतं "पुन्हा करते" एवढंच निघालं. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

१३ फेब्रुवारी

मशीन दादाला. महिनाअखेरीचीही वाट पाहिली नाही! वहिनीने लगेच त्यावर झाकायला कापड शिवलं. माझी खुर्ची आता मुठी घासायच्या मशीनजवळ, दाराआड.

१५ फेब्रुवारी

बाबा दादाच्या पट्ट्या तपासत होते. शिंगाची कपची अंगठ्यात रुतलेली, रक्त पट्टीवर ओघळतंय, आणि अंगठा फिरतोच आहे. "साफ आहे," म्हणाले.

मी हात धरला. "काय झालं?" — त्यांना कळलंच नव्हतं! मग रक्त दिसलं तसा हात ओढून घेतला. कधीपासून, विचारलं. "तुझी आई होती तेव्हापासूनच बधिर आहे. दादाला सांगू नकोस."

त्या अंगठ्याला काहीच कळत नव्हतं. तरी माझ्या भोकांची कड त्याला रोज लागायची.