वन्संची आंबुशी

९ जुलै १९३८

या घरात मोठ्याने चिडायची सोय नाही, म्हणून लिहिते.

काल एकादशी. वन्संनी अंघोळ करून देवापुढे पाणी सोडलं आणि जाहीर केलं, "आजपासून ऋषिपंचमीपर्यंत बैलाच्या कष्टाचं खायचं नाही." झालं! सगळ्या बायका ऋषिपंचमीचा एक दिवस हे पाळतात. यांना जवळजवळ दोन महिने हवेत.

म्हणजे भाकरी नाही, पोळी नाही, डाळ नाही — सगळं नांगरटीचं. तेल नाही — घाण्याला बैल. गूळ नाही — चरकाला बैल. राहिली डोंगरउतारावर कुदळीने केलेली वरी, दूध, आणि परसात आपोआप उगवेल ते. आमच्या परसात आपोआप काय उगवतं? आंबुशीचं तण!

मीठसुद्धा गाडीतून येतं आणि गाडीला बैल असतात, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. उगाच मीठही सोडायच्या.

१० जुलै

सगळं नीट मांडून पाहिलं तर डोकं थंड होईल.

वन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून भावाजवळ. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. भोरच्या या घरात आता आम्ही दोघी. वन्संचे डोळे मोतीबिंदूने गेल्यातच जमा, म्हणून चूल माझ्याकडे. आणि खाणार ते सोवळ्यातलं, घरच्या माणसाच्याच हातचं. स्वयंपाकीण चालत नाही!

गुरुवारी अंबू आली होती. कॉलेजात आमच्या वर्गात मुली दोनच — ती आणि मी. पुण्याला एका मुलींच्या वसतिगृहावर बाई हवी आहे. "पहिल्या सप्टेंबरला हजर हो. तुझ्यासारखी करडी बाई मिळायची नाही. मुली नुसत्या तुझ्या चपलांच्या आवाजाने दिवे मालवतील!" ओसरीवर बसून गडगडाटी हसत होती. मी म्हटलं, "वन्संना टाकून कशी येऊ?" ती म्हणाली, "ऑगस्टअखेर जागा धरून ठेवते. पुढे माझ्या हातात नाही."

वन्सं आत वाती वळत होत्या.

कामथडीला त्यांच्या सासरचा पुतण्या आहे, दिगंबर. बायको सोवळं पाळणारी. दर दिवाळीला न्यायला येतो. वन्संचं उत्तर ठरलेलं — "भावाचं घर सोडून कुठं जाऊ?" तरी या खेपेस गळ घालणार होते. तेवढ्यात हा नेम! दिगंबराचं सगळं घर नांगरावर चालतं. तिथे काय खातील?

दार उघडलं आणि लगेच आपटलं, असं झालं.

१४ जुलै

सकाळी ओलेत्याने परसात. गुडघे चिखलात. तीन-तीन पानांचा हा वेल जमिनीला इतका चिकटलेला की नखं काळी होतात तेव्हा वाटीभर निघतो.

आज वरीबरोबर दुधात शिजवली. आंबट पाला — दूध नासलं. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं म्हणे!

२२ जुलै

ठरलं. आंबुशी नाही तर नेम नाही. नेम नाही तर कामथडीला हरकत नाही. उद्या वन्सं जपाला बसल्या की सगळी उपटते.

२३ जुलै

उपटली. विहिरीपासून तुळशीपर्यंत जमीन काळी केली.

भांड्यांना येणारी ठकुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाई, उपटताय का पेरताय? शेंगा बघा की कशा तडातडा फुटत्यात! समदं बी हितंच उडालं."

मी म्हटलं, "तू भांडी घास."

"घासते की. मला काय!" ढिगातला मूठभर पाला उचलून तिने तांब्याचा हंडा घासला. सोन्यासारखा निघाला. "लई गुणाची हाय बिचारी. तुमचं काय घोडं मारलं तिनं?"

ढीग उचलून उकिरड्यावर टाकला.

२४ जुलै

वन्सं भिंत धरून परसात गेल्या. खाली बसल्या. हाताने जमीन चाचपत राहिल्या — इकडे, तिकडे, तुळशीच्या बुडाशी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी.

आत आल्या, हात धुतले. "आज नुसतं दूध पुरे," म्हणाल्या.

२६ जुलै

अजून नुसतं दूधच. वरीलाही हात लावला नाही. चालताना तोल जातो आहे.

"वन्सं, आजारी पडाल."

"पडले तर पडले. तुला कशाला घोर? तू काय माझ्या दावणीला बांधलेली आहेस?"

असं बोलतात! बरं — आता त्यांनी पाठवलं तरी हलायची नाही. माझ्या हातून उपाशी राहिल्या असं कुणी म्हणायला नको.

३१ जुलै

आली! चार दिवस झड लागली होती. आज उघडीप होताच बघते तो पायरीच्या फटीत, विहिरीच्या कट्ट्याला, तुळशीत, पूर्वी नव्हती तिथेही. ठकुबाई पदराने तोंड झाकून हसत होती. हसू दे.

इवली इवली पानं खुडली, वरीवर घातली. वन्संनी ताटावरून बोट फिरवलं. "आली का गं?"

"आली."

पोटभर जेवल्या. मलाही मग जेवण गेलं.

१२ ऑगस्ट

गुलाबाच्या वाफ्यातही शिरली. खुडणारी मीच, तेव्हा तक्रार कुणाकडे?

१८ ऑगस्ट

पुण्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर अंबूने निरोप धाडला — काय ठरलं? मी दारातूनच सांगितलं, "जमत नाही म्हणावं."

वन्संनी ऐकलं. "नाही का म्हणालीस?"

"तुमची आंबुशी कोण खुडेल?"

वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. "धन्य आहे तुझी!" — आणि दिवसभर अबोला. राग मी धरायचा की यांनी?

१९ ऑगस्ट

वन्सं आणि ठकुबाई यांची मागच्या दारी कुजबुज. मी गेले तशी थांबली. माझ्याच घरात!

३० ऑगस्ट

ऋषिपंचमी. वरी, आंबुशी, अळू. वन्संनी पूजा केली, आज रात्री नेम संपला. आता उद्यापासून भाकरी.

उद्याच ऑगस्टही संपतो. अंबूने दुसरी बाई बघितली असेल. परसात उभं राहिलं की चारी बाजूंनी पायांपर्यंत हिरवंगार — पाऊल कुठे टाकावं कळत नाही.

३१ ऑगस्ट

पहाटे दारात बैलगाडी! दिगंबर. वन्सं गाठोडं घेऊन ओसरीवर तयार.

म्हणाल्या, "अंबू बोलली त्याच दिवशी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी नेम धरला. वाटलं, चार दिवसांत वैतागशील, मला कामथडीला धाडशील नि सुटशील. तू मेली खुडतच बसलीस!"

"सरळ जा म्हणायचं होतं."

"माझ्या सांगण्याने गेली असतीस? ऐकलंयस कधी कुणाचं? मीठ कसं चालतं, तेवढंसुद्धा विचारलं नाहीस. एवढी शिकलेली!"



ठकुबाईला मोटारतळावर पाठवून त्यांनी अंबूला परस्पर कळवलं आहे — "येतेय". दिगंबरालाही निरोप ठकुबाईनेच पोचवला. माझी मोटार दुपारची.

त्यांनी मला दिलं: घराच्या किल्ल्या, आणि यजमानांची छत्री — तीन वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी त्यांना दिलं: आंबुशी, मुळासकट, ओल्या फडक्यात बांधून. त्यांनीच मागितली.