सात गाड्या आणि तुमचे शुक्रवार

बाबा, हे तुम्हाला लिहिते आहे, आणि दुबईत जबल अलीच्या कामगार कॅम्पमध्ये तुमच्या खोलीत राहणाऱ्या सगळ्यांनाही. एक वेल्डर, एक सुतार, एक रंगारी, एक क्रेन चालवणारा, आणि तुम्ही. जो तो आपापल्या कामात तरबेज, आणि प्रत्येकाच्या व्हिसावर हुद्दा एकच: हेल्पर. चिपळूणच्या गॅरेजात पंधरा वर्षं इंजिनं खोलून बसवलेल्या माणसाला कागदावर मदतनीस म्हणायचं. काम त्याने करायचं आणि अहवालात नाव दुसऱ्याचं यायचं, कारण कागदाच्या हिशेबी हेल्परला इंजिनातलं काही कळतच नाही. हे तुम्ही सगळ्यांनी निमूटपणे गिळलंत. "कागद काय चाटायचाय, बाय?" असं म्हणून तुम्ही डबा उघडायचात. मला तो घास कधीच गिळता आला नाही. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली जिंकल्या, पुढे अबू धाबीच्या मराठी मंडळात माईक हातात आला की मी याच अन्यायावर बोलत राहिले. लोक म्हणायचे, बाई पेटते. पेटणारच. माझा बाप हेल्पर नव्हता.

तुम्ही ज्या गोदामात कामाला होतात, तिथे मी पहिल्यांदा आले ते २००८ च्या आधी. बाहेर रस्ता तापलेला, आणि आत एसीची थंड हवा. अर्ध्या उजेडात त्या सात गाड्या उभ्या. अमेरिकन, एकोणीसशे सत्तरच्या आसपासच्या, लांबलचक बॉनेटच्या, आठ सिलिंडरच्या. तुम्ही म्हणालात, "ह्यांना मसल कार म्हणतात. पैलवान आहेत." जगात मोजक्याच उरलेल्या, आणि मालक त्यातली एकही चालवत नव्हता. वर्षातून दोनदा पाहुण्यांना घेऊन यायचा, बॉनेटवर हात ठेवून फोटो काढायचा आणि जायचा. मला तेव्हाही राग आला होता. यंत्र धावण्यासाठी बनवायचं आणि पडद्यामागे कोंडायचं, ही कसली श्रीमंती?

मग मंदी आली. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात एका गुरुवारी नऊ टेबलं रिकामी झाली. माझं वाचलं. लोक विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाड्या किल्ल्यांसकट सोडून निघून जात होते. तुमचा मालक "दोन आठवड्यांत येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. गोदामाच्या कंपनीने एसी बंद केला, अकरा माणसांतली नऊ घरी पाठवली. उरलात तुम्ही आणि तुमचा मल्याळी सुपरवायझर, ज्याला सगळे चेट्टन, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. तुम्हाला हुकूम एकच होता: शटरला कुलूप आहे ना, ते बघा. गाड्यांना हात लावायचा नाही.

तुम्ही हात लावलात. दर शुक्रवारी, तुमच्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशी. गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवल्यात, म्हणजे टायर एका जागी बसून चपटे होणार नाहीत. टाक्यांमधलं जुनं पेट्रोल काढून टाकलंत. आणि मग ते तुमचं व्रत: प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेलाचे चार थेंब सोडायचे, समोरच्या पुलीला लांब पाना लावायचा आणि हाताने इंजिन फिरवायचं. दोन फेरे पूर्ण, आणि वर पाव फेरा. तो पाव फेरा का, हे मी विचारलं तेव्हा तुमचा चेहरा एखाद्या मास्तरांसारखा झाला. "बरोबर दोनच फेरे दिले तर पिस्टन परत त्याच जागी येऊन थांबतो. तिथंच गंज धरतो. पाव जास्ती फिरवला की दर वेळी नवी जागा. माणसालापण कूस बदलायला लावतात ना, तसं."

"दोन फेरे आणि पाव?" क्रेनवाला खोलीत सगळ्यांसमोर म्हणाला होता. "मग वडा कुठाय?" सगळे हसले, तुम्ही सर्वांत जास्त.

चेट्टन मात्र चिडायचा. "अरे भाई, मालिक भाग गया. तू काय को मरता है इधर? खलास!" तुम्ही पुलीवरून नजर न उचलता म्हणालात, "मालिक भागा, चेट्टा. इंजन तो इधरीच है."

मीही तुमच्यावर ओरडले होते, बाबा. अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही ओट्याशी उभे राहून कोळंबी साफ करत होतात, नखांत काळं तेल तसंच. मी म्हटलं, ज्याला तुमचं नाव माहीत नाही अशा माणसाच्या खेळण्यांसाठी तुम्ही आठवड्याची एकुलती सुट्टी का जाळता? मी बरंच बोलले. मालकशाही, गुलामी, सगळं काढलं. तुम्ही नळ बंद केलात. "तू गाडीकडं बघत नाहीस, मालकाकडं बघतेस. चाळीस वर्षांमागं कोणी कामगारानं ते इंजिन जुळवलंय. त्याचं काम मी कुजू देऊ? मालकाचा राग त्याच्यावर काढू?" एवढं बोलून पुन्हा कोळंबी. कामगाराच्या बाजूने उभं राहणं म्हणजे काय, हे इतकी पुस्तकं वाचून मला कळलं नव्हतं. तुम्हाला कळलेलं होतं.

चूकही तुम्ही केलीत, आणि ती फक्त कोकणातला माणूसच करू शकतो. पहिल्या उन्हाळ्यात, एसी बंद झाल्यावर, तुम्ही सातही गाड्या प्लास्टिकच्या कागदात घट्ट बांधल्यात. आपल्याकडे पाऊस तोंडावर आला की पडवीतली लाकडं, गवत, गाडी, सगळं तसंच बांधतात. पण इथे पाणी वरून पडत नाही, समुद्राच्या दमट हवेतून आत शिरतं. प्लास्टिकखाली गाड्यांना घाम फुटला. महिन्याने कागद काढला तर पिवळ्या गाडीच्या बॉनेटवर रंगाला फोड. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पुढच्या शुक्रवारी कॅम्पमधल्या जुन्या सुती चादरी गोळा करून त्या पांघरल्यात, आणि तुमच्या दोनशे पानी शाळेच्या वहीत, जिथे प्रत्येक गाडीसमोर तुम्ही फेऱ्यांची खूण करायचात, तिथे लिहिलंत: "पिवळी. बॉनेट खराब. प्लास्टिक मी बांधलं. चूक माझी." कुणी विचारलं नव्हतं. कुणी वाचणारही नव्हतं.

अशी पाच वर्षं गेली. मग तुम्ही रजेवर गावी गेलात आणि तिथेच एका सकाळी छातीत कळ येऊन संपलात. कॅम्पमधून तुमची बॅग माझ्याकडे आली. त्यात दोन सदरे, चष्मा आणि ती वही.

वर्षभराने चेट्टनचा फोन आला. "मॅडम, मालिक का वकील आया है. गोडाऊन खाली करने का है. एक गोरा साहब गाड़ी चेक करता है, सब के आगे डेड लिख रहा है. कल पार्ट्स में काट देगा." ऑफिसची नोकरी सोडून मी तोवर शिक्षिका झाले होते; तेव्हा शाळेत होते, दहावीच्या मुलींना शिकवत. वर्ग सहकारी बाईंच्या हवाली केला, घरून वही घेतली आणि गाडी जबल अलीकडे सोडली.

तो तज्ज्ञ वाईट माणूस नव्हता. पांढरे हातमोजे, हातात यादी. त्याने मला शांतपणे सांगितलं की इतकी वर्षं बंद राहिलेलं इंजिन जाम होतं, उघडून बघण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. वकील घड्याळ बघत होता. त्याने विचारलं, "तुमचा इथे संबंध काय?" मी म्हटलं, "ज्या माणसाने ही इंजिनं जिवंत ठेवली, त्याची मी मुलगी." वकिलाने मोबाइलवर कामगारांची यादी काढली. "पण तो तर हेल्पर होता."

बाबा, मग मी बोलले. माईक नव्हता, मंच नव्हता, श्रोते तीन. मी वही उघडली आणि शुक्रवारामागून शुक्रवार मोठ्याने वाचत गेले, मराठीत, आणि मग त्यांना समजेल अशा भाषेत. फेरे, तेल, पाव. तज्ज्ञ नम्रपणे म्हणाला, "वही कुणीही लिहू शकतो." तेव्हा मी ते पान काढलं. तुमच्या चुकीचं. म्हटलं, खोटं लिहिणारा माणूस स्वतःची चूक कशाला लिहील? जा, पिवळ्या गाडीची चादर उचला. त्याने उचलली. बॉनेटवर ते फोड होते, जिथे तुम्ही लिहिलं होतं तिथेच. मग त्याने हातमोजे काढले.

चेट्टनने पाना आणला. "बाबूजी गया उसके बाद मैं घुमाया," तो पुटपुटला आणि शटरच्या आतल्या बाजूला खडूने मारलेल्या रेघा दाखवल्या. तुमच्यावर खलास म्हणून ओरडणारा तोच चेट्टन! पाना पुलीला लागला, तज्ज्ञाने दाब दिला, आणि पुली फिरली. जराही कुरकुर नाही. पुढची दुसरी. पुढची. सातही.

नवी बॅटरी, डब्यातलं ताजं पेट्रोल यायला दोन तास गेले. आता तज्ज्ञ पिवळ्या गाडीत बसतो आहे. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा एक खोकला. तिसऱ्यांदा इंजिन पेटतं, आणि पत्र्याचं ते सगळं गोदाम थरथरतं, माझ्या दातांत तो आवाज शिरतो, धुराने डोळ्यांत पाणी येतं. चेट्टन दोन्ही हात वर करून नाचतो आहे: "उठ गया साला! पहलवान उठ गया!" वकीलही हसतो आहे. आणि मी ओरडते आहे, काय ओरडते ते मलाही ऐकू येत नाही.

यादीतले सात शेरे खोडले गेले. गाड्या अख्ख्या विकल्या गेल्या, चालवणाऱ्यांना. पण मी तेवढ्यावर सोडलं नाही. तज्ज्ञाला म्हटलं, अहवालात देखभाल कुणी केली ते लिहा. त्याने तुमचं पूर्ण नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, आणि त्यापुढे त्याच्या हाताने लिहिलं: मेकॅनिक. प्रत्येक गाडीबरोबर तो कागद गेला. माझी मुलगी त्याची प्रत आमच्या घरी फ्रेममध्ये बघते आणि मैत्रिणींना सांगते, "माय ग्रँडफादर सेव्ह्ड सेव्हन मसल कार्स." आपण जिंकलो, बाबा. तुम्ही जिंकलात.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर तुम्ही महिनाभर माझ्याकडे होतात आणि चार शुक्रवार माझ्यावर सोपवले होते. पहिले दोन मी इमानाने केले, पाना धरून तळहाताला फोड आले. तिसऱ्या शुक्रवारी मला भाषणाची तयारी करायची होती. चौथ्या शुक्रवारी मंडळात ते भाषण होतं. विषय श्रमप्रतिष्ठा. टाळ्या खूप मिळाल्या. घरी येऊन मी तुमच्या वहीत दोन्ही शुक्रवारच्या चौदा खुणा एकदम केल्या, आणि तुम्ही पलंगावरून विचारलंत, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्या दिवशी गोदामात मी त्या खुणाही वाचल्या, तितक्याच चढ्या आवाजात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? वही टेबलावर उघडी आहे, पान त्या दोन शुक्रवारांचं आहे, शेजारी पेन ठेवलं आहे. तुमच्या अक्षरांच्या मधे माझा हात जात नाही. बाबा, त्या चौदा खुणा तुम्ही खोडा.