श्रुतिका आता काही विचारत नाही

प्रिय सुनील,

फोन सोडून आत्या पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि 'हो आत्या, ठेवतो आत्या' करतोस. हे पूर्ण वाच, आणि रूपालीलाही वाचून दाखव. पोर माझ्याकडे ठेवून तुम्ही दोघं मुंबईला राबता, तर इथं तिचं काय चाललंय ते तुम्हाला कळायला हवं.

नववीत श्रुतिकाला नव्वदच्या वर मार्क पडले म्हणून तू बिल्डिंगभर पेढे वाटलेस. बरं केलंस. पण तू पाठवलेला पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही रे. आठवीपर्यंत ही पोर कशी होती, आठवतं ना? नुसतं डोकं खायची माझं! वीज आधी दिसते आणि मग ऐकू का येते, आंबेनळीच्या घाटात धुकं खालून वर का चढतं, म्हैस रवंथ करताना डोळे का मिटते. शाळेतले सर वैतागायचे, कारण पेपरात उत्तराखाली ही उलट त्यांनाच प्रश्न लिहून यायची. मार्क जेमतेम. नसत्या चौकशा करून कुणी पास होत नाही, असं तूच तिला म्हणायचास. माझं आयुष्य अंगणवाडीत गेलं, पण असं विचारणारं लेकरू मी पाहिलं नव्हतं.

गेल्या थंडीत ती गोमाजीकडे जाऊन बसली. जमिनीला कान लावून विहिरीची जागा सांगणारा आपल्या वाडीत तो एकटाच. पोटच्या पोरांना त्यानं ती विद्या दिली नव्हती, हिला दिली. दुपारभर दोघं माळावर पालथी पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी अंथरुणातच गेलेला. मग आपली सुईण साळूबाई. तिच्याकडून बाळंतिणीला द्यायचा पाला हिनं विचारून घेतला, आणि त्याच आठवड्यात साळूबाईही गेली. दोघंही पिकली पानं, पण वाडीला कोण सांगणार? भागूबाई पाणवठ्यावर म्हणाली, पोरगी इचारते नि मानूस रिता होतो गो, तिला कायबी सांगू नका. झालं!

त्यानंतर श्रुतिका शाळेतून वर यायची तेव्हा भरदिवसा एकेक दार लागत जायचं. कोणी ओरडायचं नाही, शिवी द्यायचं नाही. फक्त कड्या वाजायच्या. तो आवाज तिच्या पावलांबरोबर जवळ जवळ येत जायचा, आणि मग ती माझ्या दारात उभी दिसायची. तेव्हापासून ती गप्प झाली. गाईड घेऊन बसते, ओळन् ओळ पाठ करते, बोललीच तर छापल्यासारखं बोलते. सर खूश आहेत. तुझे ते मार्क असे आलेत.

घरात मलाही काही विचारत नाही. आमटीत मीठ किती घालू, एवढंसुद्धा नाही. आधी वाटलं रुसलीय. एकदा म्हटलं, अगो, विचार की काहीतरी. तर तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी मरू नये म्हणून विचारत नाही रे ती. त्या दिवशी मी चुलीपुढे बसून खूप रडले.

परवा दुपारी गुरांमागे खाली गेले तर ही मसणवट्यात. गोमाजीला जाळलं तिथं दगडावर बसलेली. काहीतरी विचारायची, थांबायची, मान हलवायची, पुन्हा विचारायची. वारा पडलेला, पान हलत नव्हतं. मला हाक मारायची हिंमत झाली नाही. घरी भाकरी खाताना मला म्हणते, आजी, गोमाजीआबा तुला लहानपणी टिटवी म्हणायचा. विचारलं नाही, सांगितलं. हे नाव माहीत असलेलं दुसरं कोणी आता जिवंत नाही. माळावरच्या त्या दुपारी त्यानं सांगितलं असेल, असं मी मनाला समजावते. मन काही ऐकत नाही.

विचारलं तर जे मरणार नाहीत, त्यांनाच ती आता विचारते. जित्या माणसांनी कड्या लावल्यावर पोर जाणार कुठं? म्हणून आज तिला समोर बसवलंय. सांगितलंय, मनात साठलं असेल ते सगळं विचार, ही टिटवी उत्तर देईल. आणि तुला एक सांगायचं राहिलंय. महाडच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं, माझं हृदय थकलंय, कधीही थांबेल. राहिले तर उत्तमच, ये आणि माझ्या हातची भाकरी खा. पण उत्तर देऊन गेले, तर वाडी काय म्हणेल ते तुला माहीत आहे, आणि श्रुतिका स्वतःला काय म्हणेल ते मला माहीत आहे. तेव्हा तू इथं यायचंस, पाणवठ्यावर उभा राहायचंस आणि हे पत्र मोठ्यानं वाचायचंस. मैना हृदयानं गेली, पोरीच्या प्रश्नानं नाही. श्रुतिकाला आधी वाचून दाखव. थांबते आता. तिनं तोंडावरचा हात काढलाय.

तुझीच,
मैनाआत्या